चालतोय ना, मग भंगार कसा?

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बार्शीहून मामेबहिणीचा फोन आला. मी पुण्यात एका मीटिंगमधून नुकताच सुटलो होतो आणि दुसरी सुरू व्हायला चार मिनिटं होती.

"दादा, विंडोज दहा बंद होतंय म्हणे. माझ्या लॅपटॉपवर अकरा येत नाही. दुकानवाले म्हणतायत जुना दोन हजारात घेतो, नवा पंचेचाळीसला देतो. ईएमआय पण आहे. घेऊ का?"

"कुठल्या सालचा आहे?"

"अठरा."

"सात वर्षं झाली की. घेऊन टाक."

बारा सेकंदांत निकाल लावला. फोन ठेवायच्या आधी तिनं एवढंच विचारलं, "पण दादा, तो चालतोय ना?"

मी "बघू" म्हणून मीटिंगला पळालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण लॅपटॉप खरंच चालत होता. ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यावर ती पायथनचे प्रोग्राम लिहिते, पीडीएफ वाचते, असाइनमेंट टाइप करते, रात्री सिनेमा बघते. कीबोर्डची सगळी बटणं शाबूत, स्क्रीनवर ओरखडा नाही. हळू चालायचा, पण चालायचा. आणि मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तालुक्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं, त्याबरोबर दुकानाची उधारीही अडकली. त्या घराला पंचेचाळीस हजारांचा हप्ता मी बारा सेकंदांत सुचवला होता. माझी नोकरी लिनक्सच्या सर्व्हरवर चालते, म्हणजे उत्तर मला माहीत होतं. फक्त ते सांगायला वेळ लागला असता.

म्हणून हा लेख दुकानदारावर जेवढा आहे, तेवढाच माझ्यावर आणि माझ्यासारख्यांवर आहे. माझं म्हणणं सरळ आहे. बूट होणारा पेनड्राइव्ह बनवता येणं ही आजची साक्षरता आहे. ज्याला ते येतं, त्याच्या मशीनचं आयुष्य दुसरं कुणी ठरवू शकत नाही. ज्याला येत नाही, त्यानं तारीख आली की मुकाट्यानं पैसे भरायचे. आणि ज्यांना येतं ते आम्ही इंजिनिअर ही गोष्ट कुणाला शिकवत नाही.

त्या तारखेला नेमकं काय झालं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला. त्या दिवशी एकही लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर सगळे आदल्या दिवशीसारखेच सुरू झाले. थांबले ते सुरक्षेचे अपडेट. ही गोष्ट किरकोळ नाही. यापुढे विंडोज १० मध्ये जी भोकं सापडतील, ती आपोआप बुजवली जाणार नाहीत. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, ते तसंच वर्षानुवर्षं वापरत राहणं धोक्याचं आहे. दुकानदार इतपत खरं बोलत होता.

पुढचं मात्र अर्धसत्य. विंडोज ११ साठी तीन अटी आडव्या येतात: टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या पोटात असलेली, किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी. प्रोसेसरची यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये सातव्या पिढीचा आय-थ्री आहे. एका पिढीनं हुकला. २०१८ साली दुकानातून कोरा घेतलेला लॅपटॉप, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, तो अपात्र ठरला होता. आम्हाला ते कळायला आणखी चार वर्षं लागली इतकंच.

या अटींमागे काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. टीपीएममुळे डिस्कवरचं एन्क्रिप्शन भक्कम होतं, नवे प्रोसेसर काही संरक्षण हार्डवेअरमध्येच देतात. पण सुरक्षेसाठी अट घालणं वेगळं आणि अट न पाळणारं मशीन भंगार आहे असं घराघरांत पोहोचू देणं वेगळं. रुफस नावाचं एक छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवताना ते विचारतं, टीपीएमची तपासणी काढून टाकू का? हो म्हटलं की तेच विंडोज ११ त्याच 'अपात्र' लॅपटॉपवर बहुतेक वेळा बसतं. कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, पुढे अपडेट अडू शकतात, म्हणून मी तो रस्ता सुचवत नाही. पण एवढं तर सिद्ध होतं, की अडचण लोखंडात नव्हती. दारावर बसवलेल्या रखवालदाराच्या वहीत होती.

शिवाय दोन गोष्टी दुकानदारानं सांगितल्या नाहीत. एक, घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसेही पडत नाहीत. दोन, त्या लॅपटॉपवर विंडोजच हवं असा कुठलाही कायदा नाही. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग, तो विकायलाच बसलाय. मीही सांगितलं नाही, आणि मी विकायला बसलो नव्हतो.

बटण दाबल्यावर कोण जागं होतं?

आता थोडं तांत्रिक बोलतो. फोनवर वाचताय, त्यामुळे लांबण लावत नाही. पण हे समजल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

कॉम्प्युटरला वीज मिळते तेव्हा त्याला विंडोज, लिनक्स काहीच माहीत नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क आहेत ना एवढं बघतो आणि मग शोधू लागतो, की पुढचा कारभार कुणाच्या हाती द्यायचा. 'बूट' हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आलाय, म्हणजे बुटाच्या मागची पट्टी. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणच वर उठायचं, तसं हे.

जुनी बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये पुढचा प्रोग्राम शोधायची. यूईएफआय जरा शहाणी आहे. ती पेनड्राइव्हवरचं फॅट पद्धतीचं पार्टिशन उघडते, त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्यात 'बूट' नावाचा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल शोधते. सापडली की कारभार तिच्या हाती. ती फाइल कुणी लिहिली, तिच्यामागे कुठली ऑपरेटिंग सिस्टिम येणार, याच्याशी यूईएफआयला देणंघेणं नसतं. सिक्युअर बूट चालू असेल तर ती फक्त फाइलवर मान्य सही आहे का ते बघते. उबंटू, मिंट, फेडोरा यांच्याकडे तशी सही असते. ती सही मायक्रोसॉफ्टकडून घ्यावी लागते. लिनक्सच्या पहिल्या पायरीवर मायक्रोसॉफ्टचा शिक्का, यावर वेगळा लेख होईल.

म्हणूनच डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर काही होत नाही. दर दहातले नऊ जण पहिल्यांदा हेच करतात. मीही केलं होतं. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा एका फाइलमध्ये बांधलेला गठ्ठा. गठ्ठा दारात नेऊन ठेवला म्हणून संसार मांडला जात नाही. तो सोडून सगळं जागच्या जागी लावावं लागतं. रुफस, बलेनाएचर, किंवा लिनक्समधली 'डीडी' ही कमांड हेच काम करतात. व्हेंटॉय नावाचं सॉफ्टवेअर एक पाऊल पुढे गेलं: ते पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं, मग त्यावर हव्या तेवढ्या आयएसओ खरंच कॉपी-पेस्ट करायच्या आणि सुरू करताना यादीतून निवडायचं.

कृती एवढीच. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंट किंवा उबंटूची आयएसओ त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा, तीन ते सहा जीबीची असते. साइटवर त्या फाइलचा शा-२५६ चेकसम दिलेला असतो. आपल्या फाइलचा काढा आणि जुळवून बघा. हा सोपस्कार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या साइटमध्ये घुसून काही काळ लोकांना भेसळ केलेल्या आयएसओकडे वळवलं गेलं होतं. मग रुफसमध्ये पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा आणि स्टार्ट दाबा. लॅपटॉप रीस्टार्ट करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९. यादीत पेनड्राइव्ह दिसतो. तो निवडा.

आणि इथं बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: लिनक्स आधी इन्स्टॉल करावंच लागत नाही. ते थेट पेनड्राइव्हवरून चालतं. तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन नीट दिसतेय का, सगळं बघा. पटलं तर इन्स्टॉल करा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह उपसा आणि रीस्टार्ट करा, जुनं विंडोज जागच्या जागी असतं. बाजारात एवढी निर्धास्त चाचणी कुठल्या वस्तूची करू देतात?

पाडव्याची दुपार

फोन आला त्याच रात्री मी बहिणीला परत फोन केला. म्हटलं, "थांब, दिवाळीत येतो." येताना दीड-दोन हजारांची २४० जीबीची एसएसडी घेऊन गेलो.

पाडव्याच्या दुपारी बसलो. पेनड्राइव्ह मी विसरलो होतो. मामांनी दुकानाच्या ड्रॉवरमधला काढून दिला. मी तो माझ्या लॅपटॉपला लावला, रुफस उघडलं, आयएसओ निवडली, स्टार्ट दाबलं. यावरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली. अशा सूचना मी दिवसाला पन्नास वेळा न वाचता ओके करतो. बोट जाणारच होतं.

"दादा, थांब. आत काय आहे बघितलंस का?"

आत दुकानाची सहा महिन्यांची बिलं होती, जीएसटीसाठी सीएकडे द्यायची. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. डिग्रीवाला मी आणि सावध ती. सगळं आधी माझ्या लॅपटॉपवर कॉपी केलं, उघडून तपासलं, मगच पुढे गेलो. बूट पेनड्राइव्हचा पहिला नियम मला तिनं शिकवला असं मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो: पुसण्याआधी बघा.

मग दोनदा एफ-१२ दाबायला उशीर झाला आणि दोन्ही वेळा विंडोजच सुरू झालं. तिनं फोनवर शोधून सांगितलं, "शिफ्ट धरून रीस्टार्ट कर म्हणतात." केलं. निळा मेन्यू आला, पेनड्राइव्ह निवडला, आणि दोन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप. वाय-फाय लागलं. गाणं वाजलं. तिनं पायथन उघडून प्रोग्राम चालवून बघितला.

"आणि हे अजून डिस्कवर टाकलेलंच नाही?"

"नाही."

"मग दुकानात का नाही दाखवलं असं?"

मी काय सांगणार?

संध्याकाळी जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं. एसएसडी बसवली, तिच्यावर मिंट टाकलं. इन्स्टॉलेशन तिनंच केलं, मी शेजारी बसून फराळ खाल्ला. सगळा खर्च एसएसडीचा. लॅपटॉप आता विंडोज असतानाच्या तुलनेत कितीतरी आधी सुरू होतो. त्याचं मोठं श्रेय एसएसडीला आहे, लिनक्सला सगळं देऊन मी खोटं बोलणार नाही. पण मग तेही दुकानात कुणी का सुचवलं नाही?

आम्हाला काय शिकवलं आणि काय नाही

इंजिनिअरिंगला मला ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा अख्खा विषय होता. बँकर्स अल्गोरिदम, पेज रिप्लेसमेंटची गणितं, सेमाफोर. कागदावर चौकटी आखून आम्ही मार्क मिळवले. पण त्या विषयात पास झालेल्या आमच्या वर्गात कित्येकांनी एकही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या हातानं मशीनवर टाकलेली नव्हती. लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावायलाच बंदी होती. स्वयंपाकाच्या परीक्षेत पाककृती लिहायची, गॅस पेटवायचा नाही, असला प्रकार.

मी शिकलो ते हॉस्टेलमध्ये. तिथं प्रत्येक मजल्यावर एक 'विंडोज टाकणारा' असायचा. गावोगावी असतो. लॅपटॉप हँग झाला की त्याच्याकडे न्यायचा, तो तीनशे-पाचशे रुपयांत 'फॉरमॅट मारून' देतो. त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हला लोक मंतरलेल्या ताईतासारखं बघतात. त्याच्या कष्टाबद्दल मला तक्रार नाही. पण त्यातून बरेचदा मिळतं ते क्रॅक केलेलं विंडोज. क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग कुणी लिहिलाय ते माहीत नसलेला प्रोग्राम संपूर्ण अधिकार देऊन चालवतात. त्याच लॅपटॉपवरून पुढे स्कॉलरशिपचे फॉर्म भरले जातात, आधारच्या प्रती अपलोड होतात. "लिनक्स नको बाबा, सेफ असेल का?" असं विचारणारे लोक हे डोळे मिटून करतात. फुकट, उघड आणि कायदेशीर असलेल्या गोष्टीचा संशय, आणि चोरीच्या मालावर विश्वास. ही सवय आपल्याला लागली कारण दुसरा पेनड्राइव्ह कुणी हातात दिलाच नाही.

आणि आम्ही नोकरदार इंजिनिअर? आमच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप असतो, बिघडला की आयटी विभागाला तिकीट टाकतो. कुणी नातेवाइकानं विचारलं की "नवीन घे" म्हणतो, कारण त्याला चार शब्द लागतात. पेनड्राइव्ह वगैरे आम्हाला जुनाट, हमाली वाटते. सगळं क्लाउडवर आहे ना!

तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानं रखडली, आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मशीन सुरूच होत नव्हती, त्यामुळे कित्येक ठिकाणी दुरून काही करता येईना. दोन दिवसांत मायक्रोसॉफ्टनं एक साधन दिलं. काय होतं ते? बूट होणारा पेनड्राइव्ह बनवण्याचं साधन. तो घेऊन जगभरचे आयटीवाले एकेका मशीनपाशी गेले. सगळं कोसळतं तेव्हा शेवटी हेच कामाला येतं, आणि आम्ही त्याला हमाली म्हणतो.

तुमच्या हातातल्या फोनवर हे चालत नाही

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचताय. त्या फोनला पेनड्राइव्ह लावून दुसरी सिस्टिम सुरू करता येते का? नाही. आयफोनवर तर प्रश्नच नाही. अँड्रॉइडच्या काही फोनचा बूटलोडर उघडता येतो, पण कंपनीची परवानगी, वाट बघणं, वॉरंटीची भीती यातून जावं लागतं, आणि कित्येक मॉडेलवर तो उघडतच नाही. उघडला तरी बँकेची अ‍ॅप रुसतात. अपडेट थांबले की फोन म्हातारा. आपण ते इतकं गृहीत धरलंय, की कुणाला राग येत नाही.

लॅपटॉप ही आपल्याकडची बहुधा शेवटची वस्तू आहे, जिला चालू करताना थांबवून विचारता येतं: आज तुझ्यावर काय चालवायचं ते मी ठरवू का? आणि ती हो म्हणते. फोनवर वाढलेल्या पिढीला हा प्रश्न विचारता येतो हेच माहीत नसेल, तर उद्या लॅपटॉपमधून ती सोय काढून टाकली तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही. न वापरलेला हक्क काढून घेताना आवाज होत नाही.

गंमत म्हणजे हे काम फोनवरूनच सुरू करता येतं. एचड्रॉइड नावाचं मोफत, मुक्त अँड्रॉइड अ‍ॅप आहे. ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह फोनला लावायचा आणि लिनक्सची आयएसओ थेट त्यावर लिहायची. रूट वगैरे काही लागत नाही. घरातला एकमेव कॉम्प्युटर बंद पडलाय आणि दुसरा नाही, अशा घरासाठी हे फार मोलाचं आहे. विंडोजची आयएसओ मात्र अशी लिहून चालत नाही, तिला रुफससारखं साधनच लागतं.

"पण आमचं सॉफ्टवेअर?"

हा आक्षेप खरा आहे. कोरलड्रॉवर फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्याला, ऑटोकॅड लागणाऱ्याला, फोटोशॉपवर पोट असणाऱ्याला मी लिनक्स घे म्हणणार नाही. काही ऑनलाइन परीक्षांचे ब्राउझर फक्त विंडोज मागतात. अशांनी विंडोजचाच पेनड्राइव्ह बनवायला शिकावं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यासाठी मीडिया क्रिएशन टूल मोफत देतं. माझं भांडण विंडोजशी नाही. तुमच्या मशीनवर काय चालावं हे तुम्हाला विचारल्याशिवाय ठरतं, त्याच्याशी आहे.

"डेटा गेला तर?" जातो, निष्काळजीपणा केला तर नक्की जातो. म्हणून आधी बॅकअप. डिस्कवर बिटलॉकर असेल तर बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर बसाल. बाजारातला चौसष्ट जीबीचा शंभर रुपयांचा पेनड्राइव्ह वापरू नका, लेबलवरचे आकडे खोटे असू शकतात. भीती बाळगावी अशा गोष्टी एवढ्याच, आणि त्या एका कागदावर मावतात.

"सामान्य माणसाला जमेल का?" केरळमधल्या सरकारी शाळांत कॉम्प्युटरचं शिक्षण गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर, लिनक्सवर चालतं. तिथली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट उपलब्ध केलेत. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून बोलतो. माझ्याआधीच्या पिढीतले लोक सांगतात, २००५ ते २०११ या काळात उबंटूच्या सीडी नुसता पत्ता कळवला की पोस्टानं घरपोच फुकट यायच्या. सामग्री कधीच कमी नव्हती. शेजारी बसून "हे बटण दाब" म्हणणारा माणूस कमी पडला.

आणि ज्यांना पैशाचा मुद्दा पटत नाही, त्यांच्यासाठी एक आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेल्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे जातो हे भंगाराच्या गल्लीत केबल जाळून तांबं काढणाऱ्या पोरांना विचारा. त्या ढिगात एका तारखेमुळे आणखी चालते लॅपटॉप टाकायचे का?

मागणी

माझी मागणी मोठी नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मुलांकडून बूट पेनड्राइव्ह बनवून घ्यावा आणि लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर सिस्टिम टाकून घ्यावी. दोन तासांचं काम आहे. सायकल शिकताना गुडघा फुटतो तसं एखादं मशीन बिघडेल, परत टाकता येतं, तेच तर शिकायचंय. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी जुने कॉम्प्युटर निर्लेखित करण्याआधी एकदा पेनड्राइव्ह लावून बघावा. आणि माझ्या पेशातल्या प्रत्येकानं सुट्टीला गावी जाताना खिशात एक पेनड्राइव्ह न्यावा. "नवीन घे" हे उत्तर आधी लॅपटॉप उघडून बघितल्यावरच द्यावं.

बहिणीनं त्या दुपारनंतर स्वतःचा पेनड्राइव्ह विकत घेतला, दुकानाचा परत ड्रॉवरमध्ये गेला. आत्तापर्यंत वर्गातले चार लॅपटॉप तिनं त्यावरून सुरू करून दाखवलेत. तिघांनी लिनक्स ठेवलं. चौथ्या मुलीला एका परीक्षेसाठी विंडोज लागणार होतं, तर तिला मुदतवाढीचे अपडेट चालू करून दिले. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, पण प्रत्येकीला पेनड्राइव्ह स्वतः बनवायला लावला. स्टार्ट दाबण्याआधी ती सगळ्यांना एकच विचारते म्हणे, "आत काय आहे बघितलंस का?"

तुमच्याही घरी कपाटावर, पलंगाखाली, सुटकेसच्या तळाशी असा एखादा लॅपटॉप पडून असेल, "आता काय उपयोग" म्हणून ठेवलेला. आज संध्याकाळी त्याचा चार्जर शोधा.